यमूताईंची चतुर्थी

आमच्या शेजारच्या पिंपळापुरेकाकांची कोंबडी चतुर्थी करते. म्हणजे उपास काकांचा असतो, पण घरात उपास असताना एकट्या कोंबडीनं ज्वारी खावी हे त्यांना पटत नाही. "एका घरात दोन कायदे नाही चालत भैया," असं त्यांनी मला एकदा सुनावलं, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे मला ते पटलंही.

काका आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत निरीक्षक होते. तयार माल तपासायचा आणि त्यावर खडूनं बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली मारायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर ते थांबवा असं त्यांना कोणी सांगितलं नसावं. गॅसचं सिलिंडर आलं की त्यावर खूण, नव्या झाडूवर खूण, नारळावरसुद्धा खूण. आमच्या घराला रंग दिला तेव्हा न बोलावता आले आणि जिन्याखाली तीन फुल्या मारून गेले. रंगारी चिडला. मीही चिडलो. मग टॉर्च लावून पाहिलं, तर तिन्ही ठिकाणी पोपडे धरलेले होते. त्यांच्याशी बोलायला गेलं की आधी त्यांचा हात वर होतो. "पहले जांच, फिर बात."

अशा माणसाकडे कोंबडी आली ती पाहुणी म्हणून. पलीकडच्या शेजाऱ्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी "चार दिन संभाल लीजिए अंकल" म्हणून ती काकांच्या अंगणात ठेवली. त्याला आता दोन वर्षं झाली. काका जन्माचे शाकाहारी. कोंबडीला कसं वागवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तिला पाहुण्यासारखंच वागवलं. नाव ठेवलं यमूताई आणि अहोजाहो सुरू केलं. त्यांच्या संगतीनं आता मीही करतो. यमूताईंनी अंगणात गांडूळ उकरलं की काका "अहो, काय हे?" म्हणून ते काढून घेतात आणि लांब कुंडीत नेऊन सोडतात. अंड्याला मात्र ते हात लावत नाहीत. चिमट्यानं उचलतात, उजेडासमोर धरून तपासतात, त्यावर पेन्सिलीनं बरोबरची खूण करतात आणि भिंतीवरून माझ्याकडे देतात. आमच्या घरात अंडी चालतात याचं त्यांना वाईट वाटतं, पण खूण न करता एकही अंडं त्यांनी कधी दिलेलं नाही.

मागच्या चतुर्थीनंतरची गोष्ट. सकाळी मी स्कूटर काढत होतो, तर काका भिंतीपाशी उभे.

"भैया, जरा येता काय इकडे? यमूताई जेवून नाही राहिल्या."

मी गेलो. खुराड्याच्या फळीवर खडूनं लिहिलेलं होतं: काल सकाळ, दाणा नाही. काल दुपार, दाणा नाही. आज सकाळ, दाणा नाही, पाणी नाही. खाली यमूताई पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसल्या होत्या. वाटीतल्या ज्वारीकडे त्यांची पाठ होती.

"मीच रागावलो असेन काही," काका म्हणाले. "परवा गांडुळावरून बोललो होतो मी त्यांना. पण इतकं काहून मनाला लावून घ्यायचं?"

मी ऑफिसात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. भाजीच्या पिशवीतून यमूताईंचं फक्त डोकं बाहेर काढून काका स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही नेपियर टाउनमधल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथं सगळी कुत्री होती, आणि त्या सगळ्यांचं लक्ष आमच्या पिशवीकडे होतं. काउंटरवरच्या मुलीनं वर न पाहता विचारलं, "पेट का नाम?"

"यमूताई."

"सरनेम?"

"पिंपळापुरे," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी यमूताईंच्या गळ्याखाली बोटं फिरवली आणि एका जागी थांबल्या. तिथं पेरूएवढा कडक गोळा लागत होता. "अंकल, खिलाया क्या था?"

काका सावरून बसले. जांच म्हटलं की त्यांना हुशारी येते. "सोमवार को ज्वार. मंगल को ज्वार, पालक. बुध को चतुर्थी थी, तो साबूदाना."

"भिगोया हुआ?"

"नहीं जी, सूखा. भिगोने से चोंच में चिपकता है."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दाणे आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतात, तिथं हा कोरडा साबुदाणा पाणी पिऊन फुगला आणि गच्च बसला, असं त्यांनी समजावून सांगितलं. ड्रॉपरनं कोमट पाणी आणि तेलाचे थेंब घाला, दर दोन तासांनी हलक्या हातानं चोळा, दाणा अजिबात नको. दोन दिवसांत पिशवी मोकळी झाली तर ठीक, नाहीतर चिरून काढावं लागेल. "और उसमें बचने की गारंटी नहीं है अंकल."

परतताना वाटेत रांझी मागे पडलं. मग माझ्या पाठीमागून आवाज आला, "जन्मभर लोकांच्या कामाला फुली मारली भैया. अन इथं मीच मारून राहिलो होतो त्यांना, गणपतीच्या नावानं." मी आरशात पाहिलं. त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती. मला फार वाईट वाटलं, आणि जिन्याखालच्या फुल्यांवरून मनात धरलेला राग त्या रस्त्यावर संपला.

संध्याकाळी पाहिलं तर खुराड्याच्या फळीवर नवीन ओळ होती. दोष: निरीक्षकाचा. त्यापुढे भलीमोठी फुली.

पुढचे दोन दिवस काका मागच्या पायरीवर बसून होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर यमूताई, आणि दोन बोटं गळ्याखाली गोल गोल. आमच्या घरून सकाळ-संध्याकाळ डबा जायचा. भिंतीवर ठेवला की काका मान हलवायचे. चोळताना ते यमूताईंशी हळू आवाजात बोलत असायचे, नळ किती वाजता आला, पेरूला किती फुलं आली, असलं काहीबाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही, म्हणून मी घाबरून भिंतीवर चढलो. यमूताई पायरीवर उभ्या होत्या. गळ्याखालचा गोळा गेला होता. समोर वाटीत मऊ दही-भात होता आणि त्या तो भराभर टिपत होत्या.

"पास," काका म्हणाले. त्यांच्या हातात खडू होता, पण यमूताईंवरची नजर काढून फळीकडे वळायला ते तयार नव्हते.

तेवढ्यात माझं लक्ष पायरीच्या कोपऱ्याकडे गेलं. आमचे चारही डबे तिथं ओळीनं मांडलेले होते. मी पलीकडे उतरून पहिला उचलला. भरलेला होता. बाकीचेही भरलेलेच होते.

"काका, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत?"

"काहून जेवू? त्या उपाशी होत्या."

"अहो, पण डॉक्टरांनी त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं होतं, तुम्हाला नाही."

"तसं नाही भैया," ते म्हणाले. "तुमची काकू गेली तेव्हापासून एकट्यानं घास उतरून नाही राहिला. पोरगा फोनवर विचारते, बाबा जेवले का, तर हो म्हणतो. मग ह्या आल्या. मी इथं ताट घेऊन बसतो, ह्या तिथं वाटीवर बसतात. आता एकटं वाटत नाही. दोघं असलं की जेवण होते."

काका उठले, आत गेले, आणि स्वतःसाठी ताटात तोच दही-भात घेऊन आले. पायरीवर मांडी घालून बसले. घास कालवला, उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही जा भैया आता. ऑफिसला उशीर होईल. अन कोणी पाहून राहिलं की यमूताईंना जेवायला लाज वाटते."

यमूताईंची चोच वाटीतच होती, त्यांना माझी काही पर्वा नव्हती. काकांचा घास मात्र तोंडापाशीच थांबला होता. मी भिंत ओलांडून आमच्या अंगणात उतरलो.