आठ कान, एक टेबल

"'झ' ऐकू आला तर डावं बटण, 'स' आला तर उजवं. इतकंच, बाबा," ऑन्दिना म्हणाली.

"आणि जिंकतं कोण?" बेल्मिरूंनी विचारलं.

"कोणीच नाही."

बेल्मिरूंनी समोर बसलेल्या आपल्या जोडीदाराकडे, किंतिनूकडे पाहिलं. पोरगी शिकून शिकून बिघडली, असं त्या नजरेत होतं.

बोलताना पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटच्या 'झ'चा घोष, म्हणजे घशातला कंप, बरेचदा अर्ध्यात सोडून देतो. तरी ऐकणाऱ्याला तो 'स' वाटत नाही. का, हा ऑन्दिनाच्या प्रबंधाचा विषय. म्हाताऱ्या कानांचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि ते रखडलं तर पदवीही रखडणार होती. आवैरू गावातले म्हातारे प्रयोगशाळेत फिरकेनात, तेव्हा वडिलांनी कॅफेतला सुएका नावाच्या पत्त्यांच्या खेळाचा डावच उचलून आणला होता. चौघं कानांवर हेडफोन चढवून टेबलाभोवती बसले, जोडीदार समोरासमोर. दुसऱ्या रीतीनं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

उत्तरं पाहून ऑन्दिनानं थेट आपले मार्गदर्शक प्राध्यापक वालादारिश यांना फोन लावला. "सर, बाबा आणि किंतिनूकाका प्रत्येक आवाजाला दोघंही एकच उत्तर देतात. आन्सेल्मूकाका आणि तिबूर्स्यूकाका बरोबर त्याच्या उलट! एकदाही अपवाद नाही!"

"म्हणजे आपल्या गावात दोन प्रकारचे कान आहेत!" प्राध्यापक धापा टाकत येऊन पोचले. "पुन्हा घ्या. मला डोळ्यांनी बघायचंय."

डोळ्यांनी बघितलं, तिथेच घात झाला. आवाज आला, बेल्मिरूंची भुवई उडाली, किंतिनूनं गाल खाजवला आणि दोघांनी डावं बटण दाबलं.

"बाबा! खुणा करताय?"

"मग जोडीदार समोर कशाला बसवलास? मला तुझं ते झझ-सस कळत नाही. याचा कान तिखट. यानं गाल खाजवला की मी डावं दाबतो."

"माझा कान?" किंतिनू ओरडला. "अरे, मला या कानानं चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही! तू भुवई उडवायचास, म्हणून मी 'कळलं' सांगायला गाल खाजवायचो आणि डावं दाबायचो!"

"मी भुवई ऐकायला जोर लावताना उडवत होतो, गाढवा!"

ऑन्दिना खुर्चीत बसली. "काका, तुम्ही दोघं तरी?"

"यांच्या खुणा आम्हाला जन्मापासून पाठ," आन्सेल्मू ऐटीत म्हणाला. "ते डावं, की आम्ही उजवं. समोरच्या पार्टीसारखं खेळायला आम्ही काय खुळे आहोत?"

"पण ऐकू काय आलं?"

"ऐकायला वेळ कुठे होता, पोरी!" तिबूर्स्यू म्हणाला.

प्राध्यापकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "घाबरू नका, ऑन्दिना. प्रयोग उत्तम आहे. यांना फक्त एकदा करून दाखवायला हवं. माणसानं आपल्या कानावर विश्वास ठेवायचा असतो." त्यांनी हेडफोन चढवले. "लावा."

आवाज लागला. प्राध्यापकांचं बोट डाव्या बटणावर गेलं, उजव्यावर आलं, मग मधेच अधांतरी राहिलं. हळूच त्यांनी नजर वर केली आणि ऑन्दिनाच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते पाहू लागले.

बहिऱ्या माणसाची कुजबुज असते तशी, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात बेल्मिरू कुजबुजले, "समोर बस गं पोरी. साहेबांना जोडीदार हवाय."