हाकेच्या अंतरावर

सायलीनगरातल्या सगळ्या सोयी हाकेच्या अंतरावर होत्या, म्हणजे हाक मारली की त्या येत. बिल्डरने जाहिरातीत लिहिलं होतं तेच दिलं, ही गोष्ट वसंतराव टिपणिसांना पहिल्यापासूनच संशयास्पद वाटली. पण सुमतीबाईंना दमा होता, आणि दारात येणारा दवाखाना शहरात कुठे मिळणार? टिपणिसांनी कचेरीतून निवृत्त होताच तिथली बंगली घेतली.

भाजी मंडई एका हाकेत यायची. बाग जरा आळशी. आली की कुंपणाला रेलून उभी राहायची. पोस्ट जेवणाच्या सुट्टीत ऐकत नसे, आणि त्यात टिपणिसांना काही वावगं वाटलं नाही.

दवाखाना मात्र दसऱ्यानंतर त्यांच्या हाकेला ओ देईनासा झाला. "अरे दवाखान्या, ये रे!" म्हटलं की तो कोपऱ्यापर्यंत येई, थबके आणि शेजारच्या ढमढेरे मास्तरांच्या दारात जाऊन उभा राही. मास्तरांनी उभा जन्म कवायत शिकवली होती. त्या आवाजाने त्यांनी दवाखाना फितवला, अशी टिपणिसांनी मनाशी खूणगाठ बांधली.

"मास्तर, तुमच्याकडे आजारी कोण आहे?"

"कोणी नाही. सावली बरी पडते त्याची."

"मग बोलावता कशाला?"

"मी 'या, बसा' म्हणतो. आलेल्याला काय हाकलून देऊ? तुमचंच काही बिनसलंय का त्याच्याशी?"

दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडर पुड्या बांधत होता. त्याने मान वर न करता खुलासा केला. "काका, दसऱ्याला पाटी बदलली. आता हे रुग्णालय आहे. तुम्ही अजून अरे-तुरे करता."

"मग काय अहो-जाहो करू?"

"तसा प्रघात आहे."

टिपणिसांनी नोकरीभर सगळ्या साहेबांना 'अहो' म्हटलं होतं. निवृत्तीनंतर इमारतीला म्हणायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय यामागे मास्तरच असणार, हा संशय होताच.

मार्गशीर्षात एका सकाळी सुमतीबाईंना अंगणातच धाप लागली. ओठ निळसर झाले. टिपणीस फाटकाकडे धावले.

"अरे—"

मास्तरांच्या दारातलं रुग्णालय हललं नाही. 'अहो' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तेवढ्यात मागून, उरलेल्या श्वासात, सुमतीबाईंनी हाक मारली.

"अहो."

लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला असंच बोलावत आल्या होत्या. टिपणीस वळले. पाठीमागे फाटक करकरलं. जास्वंद मोडून रुग्णालय अंगणात येऊन उभं होतं. डॉक्टरांनी पायरीवरूनच हात लांबवून इंजेक्शन दिलं. सुमतीबाईंचा श्वास हळूहळू जागेवर आला.

आता सोय उत्तम आहे. फक्त आतून "अहो" ऐकू आलं की टिपणीस लगेच उठत नाहीत. आधी खिडकीतून बाहेर बघतात. परवा त्यांनी बसल्या जागेवरून विचारलंच.

"हाक नेमकी कोणाला होती?"

सुमतीबाई मेथी निवडत होत्या. "जो आधी येईल त्याला."

बाहेर फाटक करकरलं. टिपणिसांनी चष्मा तिथेच टाकला आणि धावत स्वयंपाकघर गाठलं.