किल्ली आणि कॉफीचं मशीन

सासूबाई दुपारी तीनच्या बसने परत येणार होत्या, आणि सकाळी अकरा वाजता हेनिंगने त्यांच्या कॉफीच्या मशीनचं झाकण उघडलं. तिथेच त्याचं चुकलं.

त्याआधीचे तीन आठवडे दृष्ट लागण्यासारखे गेले होते. गेरलिंडबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेल्या आणि जाताना घराची किल्ली पोटच्या मुलीला, रीकेला, न देता जावयाच्या हातावर ठेवून गेल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत हेनिंगच्या हातून त्यांच्या खिडकीची झडप निखळली होती, गवत कापायचं यंत्र तळ्यात गेलं होतं. त्यातून तो उत्तरेचा, समुद्रकाठचा. इथे दक्षिणेत, आल्बच्या पठारावर, त्याला आपल्यात धरायचं की नाही, हे गावाने अजून ठरवलेलं नव्हतं. तरीही किल्ली मिळाली! बिचारा दिवसातून दहा वेळा खिसा चाचपून पाहायचा.

"आणि मशीनवर कॉफी करून पीत जा हं," निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या. "रोज. हवी तितकी. मुळीच संकोच करू नका."

वापरलेली सुतळी गुंडाळून ठेवणाऱ्या बाईच्या तोंडचे हे शब्द. हेनिंग इतका भारावला, की तीन आठवडे त्याने मशीनला बोटसुद्धा लावलं नाही. ती सासऱ्यांची, ओयगेन यांची, आठवण होती. "हे माझ्या मागे राहणार बघा," असं ओयगेन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अकरा वर्षांपूर्वी ते गेले आणि मशीन खरंच मागे राहिलं.

आज मात्र सासूबाईंना आल्या आल्या गरम कॉफी द्यावी, म्हणून त्याने ते एकदा चालवून पाहिलं. मशीन दमेकऱ्यासारखं खोकलं, थरथरलं आणि अर्ध्या तासात दीड कप कॉफी गाळून गप्प झालं. आत डोकावला तर क्षारांचं पांढरं कवच. आल्बचं पाणी जडच; तिथे आठवड्याभरात किटलीला पापुद्रे धरतात. पण हे अकरा वर्षांचं दिसत होतं.

कोठीच्या खोलीत, मुरंब्याच्या बरण्यांमागे, क्षार काढायच्या पावडरीची पाच खोकी होती. शेजारणींनी भेट दिलेली, एकही न फोडलेलं. 'काय ही काटकसर!' हेनिंगला भरून आलं. त्या ठेव्याला हात न लावता त्याने व्हिनेगरच्या अर्काची बाटली उचलली. एक भाग अर्क, पाच भाग पाणी, असं बाटलीवर लिहिलं होतं. पण तीन वाजायला किती वेळ होता? त्याने सगळी बाटली तशीच ओतली.

अति तेथे माती. मशीन फसफसलं, आत काहीतरी खडखडलं, चुन्याच्या ढलप्या बाहेर आल्या आणि घरभर लोणच्याच्या कारखान्यासारखा वास सुटला. मग मशीनच्या बुडाखालून एक धार निघाली, ओट्यावरून प्लगपर्यंत गेली आणि फट्‌ असा आवाज होऊन फ्यूज उडाला. हेनिंगच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रीकेला फोन लावला.

"काय ओतलंस?"

"व्हिनेगर."

"किती?"

"बाटली."

"हेनिंग, बाबांचं मशीन आहे ते. आई रोज सकाळी त्याच्यावर हात ठेवून उभी राहते."

"नवीन आणून ठेवू का? तसंच दिसणारं?"

"वेड लागलंय का? ती झाकण उघडायच्या आत ओळखेल. ते चालू कर. नाहीतर किल्ली टेबलावर ठेव आणि गुपचूप घरी ये."

किल्ली ठेवायची? हेनिंग हार्डवेअरच्या दुकानाकडे धावत सुटला. शनिवार असल्याने साडेबाराला दुकान बंद, आणि म्हातारे दुकानदार फ्रिक दार ओढतच होते.

"ओयगेनचं मशीन?" फ्रिकनी चष्मा कपाळावर चढवला. "मारलंत?"

"नाही हो. जरा गळतंय."

"इतकी वर्षं कधी गळलं नाही."

"मी साफ केलं."

"मग बरोबर. नळी कधीचीच चिरली असणार, क्षाराने भोक बुजवून धरलं होतं. तुम्ही भोक साफ केलंत." त्यांनी हातभर नवी नळी कापून दिली. "जावईबापू, जुनं घर झाडताना धूळ कुठली नि भिंत कुठली, हे आधी बघावं माणसानं."

नळी बसवताना हेनिंगची दोन बोटं सोलली. फ्यूज बदलला, ओटा तीनदा पुसला, खिडक्या सताड उघडल्या, मशीनमधून दहा वेळा साधं पाणी काढलं. पावणेतीनला त्याने मनातल्या मनात हात जोडून बटण दाबलं. मशीन गुणगुणलं. चार मिनिटांत कॉफी तयार! जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दारात बॅगेची चाकं वाजली.

सासूबाईंनी टवटवीत कुंड्यांकडे पाहिलं नाही की झाडलेल्या जिन्याकडे पाहिलं नाही. अंगातल्या कोटासकट त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

"मशीन..." त्यांचा आवाज कापत होता. "मशीन कसं आहे?"

"चालतंय, आई."

"चालतंय?"

त्यांनी स्वतः नळाचं पाणी भरलं, बटण दाबलं आणि घड्याळाकडे डोळे लावले. चार मिनिटं. एकही खोकला नाही. गेरलिंडबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हेनिंगला राहवलं नाही. त्याने व्हिनेगर, नळी, फ्यूज, सगळं ओकून टाकलं आणि सोललेल्या बोटांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मला माफ करा. बाबांची आठवण होती ती."

"आठवण!" सासूबाई उसळल्या. "मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही ते धूड! शेजारणीकडे एका बटणावर फेसाची कॉफी होते. पण चालती वस्तू टाकायची कशी? लोक काय म्हणतील? ओयगेन काय म्हणतील? म्हणून पावडरीला हात लावला नाही. अकरा वर्षं रोज नळाचं पाणी भरतेय आणि रोज हात लावून बघतेय, धुगधुगी आहे की गेलं. आता कुठे शेवटच्या घटका मोजत होतं!"

हेनिंगने टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं. "मग किल्ली मला..."

"रीके नीट वापरते हो वस्तू. म्हटलं, जावई तीन आठवडे घरात आहेत म्हणजे परत येईपर्यंत मशीनचं काम तमाम झालेलं असेल. झडप मोडलीत, यंत्र बुडवलंत, आणि नेमकं हेच दुरुस्त करायची बुद्धी झाली?"

त्यांनी रागारागाने कपात कॉफी ओतली, एक घोट घेतला, मग दुसरा. "वर चांगलीही झालीये," त्या सुतकी चेहऱ्याने म्हणाल्या.

हेनिंग उठला. दारापर्यंत गेला असेल नसेल, तोच मागून हाक आली. सासूबाई किल्ली पुढे धरून उभ्या होत्या.

"ऑक्टोबरमध्ये मला पुन्हा दोन आठवडे जायचंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वॉशिंग मशीनही ओयगेननीच घेतलेलं आहे. कपडे इथेच धुवा. आणि ते काही कुरकुरायला लागलं, तर देवाशपथ, त्याला बरं करायला जाऊ नका."