तीन कामींची नोंद

जपानी भाषेतले शब्द उन्हाळ्यात चिपळूणला राहायला येतात आणि अनसूया खेतलेच्या खानावळीत जेवतात. यंदा त्यांतल्या तिघांचं नाव कामी निघालं. एक देव, एक कागद, एक केस. आवाज तिघांचा एकच. चेहरे मात्र, जपानीत लिहिताना काढतात तसे, वेगवेगळ्या रेघांचे, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अनसूयाबाईला ते पहिल्याच पंगतीत पाठ झाले. वीस शेळ्या नावानिशी ओळखणाऱ्या बाईला तीन चेहरे म्हणजे काय मोठं काम.

शब्दनोंदणीचे वारेकरसाहेब सोमवारी आले. त्यांच्या वहीत चेहऱ्याचा रकाना नव्हता. कानाला ऐकू येईल तेच लिहायचं, असा नियम. एका नावाला एकच जागा, बाकीचे दोघे चारच्या एसटीने परत. परत गेलेला शब्द पुढे कुणी बोलत नाही, हेही त्यांनी भाजी कसली आहे विचारावं तशा आवाजात सांगितलं. कागद भिंतीला टेकून थरथरायला लागला.

"मग तिकडे कागदाला लोक म्हणणार काय?" अनसूयाबाईने विचारलं.

"काही नाही म्हणणार. बोटाने दाखवतील."

"आणि देवाला?"

साहेबांनी छताकडे पाहिलं, मग वहीकडे. हा विषय त्यांच्या खात्याकडे नव्हता.

अनसूयाबाईने वही ओढून घेतली आणि बोट ठेवत ठेवत शेवटच्या पानावर पोचली. वागण्यातला फरक साहेबांसमक्ष दिसला तर नोंदी वेगळ्या करता येतात, असं तिथे बारीक अक्षरात होतं.

तिने तिघांना मोरीपाशी उभं केलं, बादली भरली आणि आंघोळ करायला फर्मावलं. साहेब खुर्ची ओढून बसले. पहिल्याने डोक्यावर तांब्या ओतला आणि शिकेकाई मागितली. पाण्याचा शिंतोडा उडताच दुसरा वाळत घातलेल्या चादरीमागे पळाला. तिसरा दगडावर मांडी घालून नुसता बसून राहिला.

"शिकेकाईवाला केस. पळाला तो कागद," अनसूयाबाई म्हणाली.

"आणि हा?"

"हा स्वतः तांब्या उचलायचा नाही. कुणीतरी येऊन आंघोळ घालील म्हणून बसलाय. माझ्या देव्हाऱ्यात असेच पाच आहेत."

साहेबांनी तीन नोंदी केल्या, शिक्के मारले आणि रीतीप्रमाणे हजेरी घेतली. कामी म्हटल्यावर चार आवाज आले. दारात एक नवा पाहुणा पिशवी घेऊन उभा होता. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. साडेतीन वाजले होते, पाहुण्याला चारची एसटी मिळण्यासारखी होती.

पाहुणा कुणाशी न बोलता शिडी चढला आणि माळ्यावर जाऊन बसला. आमच्यात वरच्या बाजूलाही कामीच म्हणतात, असं केसाने डोकं पुसता पुसता सांगितलं.

"बसला की नाही वर तुमच्यासमक्ष? लिहा," अनसूयाबाई म्हणाली.

साहेबांनी टोपण काढून लिहिलं. अनसूयाबाईने चौथं ताट वाढलं आणि शिडीवरून वर सरकवलं, कारण हा काही जेवायला खाली येणाऱ्यांतला नव्हता.