संगणकातली बिऱ्हाडं

दुपारची जेवणं उरकून वर्षाराणीने संगणक सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात नेहमीची मंडळी एकाखाली एक येऊन बसली. गोल गोल चेहरे, खाली नावं. सासूबाई सोजराबाई, सासरे पुंजाराम, नवरा भाग्येश, अर्चना, मनीष, प्रतीक्षा आणि सर्वांत शेवटी, नव्या सुनेने अंग चोरून बसावं तशी, वर्षाराणी. बाहेर बोईसरचं ऊन पत्र्यांवर पसरलं होतं. वारा खिडकीचा पडदा फुगवायचा, मग विसरल्यासारखा सोडून द्यायचा. अशा वेळी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं की वाटायचं, ओसरीवर घोंगडी टाकून पाहुणे पडलेत, कुणाला उठवू नये.

पण आज उठवायला हवं होतं. पालघरच्या एका कार्यालयात हिशेब पाहणाऱ्याची जागा निघाली होती. त्यासाठीची परीक्षा घरबसल्या याच संगणकावर, चार वाजता. लग्नात सुटलेली नोकरी पुन्हा हाताशी येत होती, आणि परीक्षेचं ॲप उतरवायला घेतलं तर संगणक म्हणाला, जागा नाही.

"मामा," सासऱ्यांना ती मामा आणि सासूला आत्या म्हणत असे, "हा गच्च भरलाय. जुनी खाती काढावी लागतील."

पुंजाराम तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मूळचे जालन्याकडचे, तरुणपणी नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. आज सुट्टी होती. खुर्ची ओढून ते सुनेशेजारी बसले.

"काढ की. कोण राहायलंय आता ह्याच्यात? अर्चना नांदायला गेली. तुझ्या आत्याचा भाचा, तो मनीष, नोकरी लागून गेला. शेजारची प्रतीक्षा कॉलेजात गेली, तिला सवताचा लॅपटॉप हाय. सगळे फुकट जागा अडवून बसलेत."

टाळेबंदीत अख्ख्या गल्लीत हा एकच संगणक होता. जो आला त्याला सोजराबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि संगणकात खातंही दिलं. आले ते गेले, खाती मात्र राहिली.

वर्षाराणीने मनीषवर बोट ठेवलं. संगणकाने विचारलं, सोजराबाईंचा पासवर्ड काय?

"तिचा कशाला?" पुंजाराम म्हणाले. "पैसे मी भरले."

पण या घराची रीत अशी होती की नव्या वस्तूला पहिला हात घरच्या बाईचा. फ्रिज आला तेव्हा तसं, मोटरसायकल आली तेव्हाही तसं. संगणक आला तेव्हा सोजराबाईंनी त्याला कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, आणि शाळकरी प्रतीक्षाने पहिलं खातं त्यांच्याच नावाने उघडून दिलं. संगणकाचा न्याय सरळ असतो. पहिला आला तो घरधनी. कुणाला घ्यायचं नि कुणाला काढायचं, ते त्याने ठरवायचं. बाकीचे राहणारे.

"म्हंजे मी भाडेकरू?"

"तसंच काहीसं, मामा."

घरधनीण होती एडवणला. गल्लीत सुकी मासळी विकायला येणाऱ्या भागीच्या पुतणीची आज हळद होती. सोजराबाई माळकरी, त्यांनी भागीकडून आजवर एक बोंबील घेतला नव्हता. तरी भागीची टोपली रोज त्यांच्याच पायरीवर उतरायची, आणि दोघींच्या गप्पांना वास लागत नसे.

फोन भागीनेच उचलला. "बोला भावोजी. ताईचे दोनी हात हळदीत हायत, मी धरलाय फोन. आमी समद्या ऐकतो, लाजू नका."

"भाग्येशची माय, संगणकाचा पासवर्ड काय हाय?"

"काहून हवाय?" पलीकडून सोजराबाई. मागे बायका सुरात हळद लावत होत्या.

"जागा करायचीय. सुनबाईची परीक्षा हाय ना."

पलीकडे गाणं एक कडवं पुढे गेलं. मग सोजराबाई म्हणाल्या, "तो सांगता येत नाही."

"आठवंना का?"

"आठवतो. सांगता येत नाही."

वर्षाराणीचे डोळे चमकले. तिने फोनवर हात ठेवला. "मामा, तुमचं नाव आहे. आत्या तुमचं नाव घेत नाहीत ना."

खरंच होतं. सोजराबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं तर त्या आधारकार्ड पुढे करायच्या. ओठावर कधी येत नाही ते कुणाला कळणार नाही, असं त्या माउलीला वाटलं असेल. पुंजारामांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. एका बोटाने, एकेक अक्षर पेरत, त्यांनी स्वतःचं नाव टाकलं.

चूक.

पुढे 'राव' लावून पाहिलं. चूक. आडनाव लावलं. चूक. आई त्यांना पुंजा म्हणायची, तेही झालं. तेव्हा संगणक कंटाळला आणि म्हणाला, जरा थांबा, मग या.

ते थांबले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या मनातलं नाव आपलं नाही, हे यंत्राकडून कळावं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"माझं नाव तर नाही ते."

"तुमचंच हाय," सोजराबाई हळू म्हणाल्या.

"मग लागत काहून नाही?"

"मी ठेवलेलं हाय. तुमच्या आईनं ठेवलेलं नाही."

आपल्याला आणखी एक नाव आहे, आणि आपण त्याच्या शेजारी रोज जेवायला बसतो, हे पुंजारामांना ठाऊक नव्हतं.

"सांग मग."

"तिथं सून बसली. इथं अख्खा मांडव बसलाय. मी संध्याकाळी येऊन टाकते."

"चारला परीक्षा हाय तिची."

यावर भागी मध्ये पडली. "सोजराताय, उखाण्यात घे. उखाण्यात काय बी चालतं. नवऱ्याला गाढव म्हटलं तरी लोक टाळ्या वाजवतात." मांडवातल्या बायकांनी 'उखाणा, उखाणा' धरलं. कुणीतरी माइक आणून दिला. तो खरखरला, शिट्टी वाजवली आणि शांत झाला. मग एडवणच्या किनाऱ्यावर, नारळींवर, वाळत घातलेल्या जाळ्यांवर आणि बोईसरच्या त्या खोलीत एकदमच सोजराबाईंचा आवाज उतरला:

"सुरूच्या बनामागं निळा दर्या सगळा,
पाण्यात एका पायावर उभा माझा बगळा."

मांडव हसून हसून वाकला. वर्षाराणीने तोंडाला पदर लावला. पुंजारामांना मात्र केळव्याचा किनारा दिसत होता. लग्न नवं, दोघंही कोरड्या मुलखातली, पाणी पाहिलं ते विहिरीतलं. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. लाट आली की पाय वर, लाट गेली की पाय खाली. ती वाळूत बसून हसत होती, आणि का हसतेस विचारलं तर काही नाही म्हणाली होती.

वर्षाराणीने बगळा टाकला. दार उघडलं.

पुंजारामांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "लांब हायेत जरा," ते म्हणाले.

आता काम सोपं होतं. वर्षाराणीने अर्चनाचं खातं निवडलं. पडद्यावर अक्षरं आली, ती पुंजारामांनी सवयीने मोठ्याने वाचली, "या व्यक्तीचं सगळं काही जाईल."

"थांबा," फोन अजून चालूच होता. "लेकीला रिकाम्या हातानं काढता का घरातून? ओटी भरा तिची."

"संगणकात ओटी?"

"असंल ना काहीतरी. प्रतीक्षा ते चपटं लावायची ना बाजूला."

वर्षाराणीने पेनड्राइव्ह शोधला. अर्चनाचे फोटो, मेंदीच्या नक्ष्या, लग्नाची चित्रफीत, सगळं त्यात जाऊ लागलं. हिरवी रेघ गाभण गाईसारखी डुलत डुलत चालली होती, आणि तिला हाकलणं कुणाच्या हातात नव्हतं. ओटी काठोकाठ भरली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

मनीषच्या खात्यात नोकरीचे अर्जच अर्ज होते. पहिल्या अर्जात अनुभव काही नाही, शेवटच्या अर्जात तीन वर्षांचा. हा मुलगा इथे एक पावसाळा राहिला होता. "त्याला चहा तरी विचारा," फोनमधून सूचना आली. प्रतीक्षाकडे एक चित्रफीत सापडली. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून समजल्यासारखी मान हलवत होती, बराच वेळ. शाळेच्या तासाला हीच लावून ती या खोलीत झोपायची, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

तिघं गेले. ॲप पुन्हा उतरवायला घेतलं. जागा नाही.

वर्षाराणीने कोण किती जागा व्यापून आहे ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, सगळ्यात मोठं बिऱ्हाड तुमचं आहे."

"माझ्यात काय असणार. मी तर उघडत पण नाही."

ती उघडून बसली. ओळीने ध्वनिमुद्रणं, सगळी सकाळची. तिने एक लावलं. मिक्सर. दुसरं लावलं. मिक्सर. आणखी एक लावलं, त्यात मिक्सर थांबून पुन्हा सुरू झाला.

"मामा, तुम्ही मिक्सर साठवता?"

पुंजारामांचे कान लाल झाले. "नीट ऐक," ते म्हणाले. "आतमधी."

तिने कान लावला. घर्रर्र. त्या घरघरीच्या तळाशी, पाण्याखालचा शंख दिसावा तसा, एक आवाज होता. "लेकीच्या वाटेवर... घर्रर्र... माय चांदणं पेरिते... घर्रर्र..."

"तिच्या मायच्या ओव्या हायेत, जात्यावरच्या," पुंजाराम सांगू लागले. "कुणी ऐकतंय कळलं की तोंड मिटती. मिक्सर लावला की तिला वाटतं, कुणाला ऐकू जात नाही. मंग गाती. मी मोबाइल डब्यामागं ठेवतो. मोबाइलात मावंना, म्हणून भाग्येशनं शिकवलं इथं उतरवायला."

"पेनड्राइव्हमध्ये घेऊ या."

"तो भरला ना लेकीच्या ओटीनं."

चार वाजत आले होते. वर्षाराणीने हात मागे घेतला. "राहू द्या, मामा. परीक्षा काय, पुन्हा निघेल कधीतरी."

पुंजारामांनी तिच्याकडे पाहिलं. "सरक," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या नावावर बाण नेला. पडद्यावर अक्षरं आली. लग्नपत्रिका वाचावी तशी त्यांनी ती पूर्ण वाचली. "पुंजाराम यांचं सगळं काही जाईल." मग 'होय'वर बोट दाबलं. एक गोल चेहरा विझला आणि जागा झाली.

ॲप उतरलं. वर्षाराणी परीक्षेला बसली. आवाज नको म्हणून पुंजाराम फोन उचलून पायरीवर गेले, आणि तिथे त्यांच्या ध्यानात आलं की फोन अजून बंद केलेलाच नाही.

"हॅलो," ते म्हणाले.

"भावोजी, ती उठून गेली," भागी म्हणाली. "दर्याकडं उभी हाय पाठ करून. रडते का हसते, सांगता येत नाय. तोंडाला हळद हाय."

संध्याकाळी सोजराबाई परतल्या. वर्षाराणी पास झाली होती, सोमवारी तिला पालघरला बोलावलं होतं. त्यांनी सुनेच्या हातावर साखर ठेवली, नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, आणि दुपारचं अवाक्षर काढलं नाही.

सकाळी वर्षाराणीला जाग आली ती मिक्सरच्या आवाजाने. तो थांबतच नव्हता, आणि त्याच्यावर, त्याला खाली दाबून, सोजराबाईंचा मोकळा गळा चालला होता. मोरीच्या दाराशी पुंजाराम टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते, आंघोळ विसरून. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांचाच मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून, समोर तोंड करून उभा केलेला होता.

"आत्या, एवढ्या सकाळी काय वाटताय?" वर्षाराणीने विचारलं.

सोजराबाईंनी ओवी न तोडता, डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं. वर्षाराणीने वाकून पाहिलं. मिक्सरच्या भांड्यात काहीच नव्हतं.