मितेशची फळी आणि दाजीमामांचं गाऱ्हाणं

आपण पहिले येणार, हे मितेशने शुक्रवारी संध्याकाळीच सगळ्या मालवणाला सांगून टाकलं. बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, एवढंच काय, मासे विकणाऱ्या सुभद्रामावशीलाही सांगितलं. ती बिचारी बांगडे देऊ की सौंदाळे, एवढंच विचारत होती.

तसा त्याला बोलायचा हक्क होता म्हणा. शर्यत चिवल्याच्या किनाऱ्यावर होती, शिडाच्या फळीची. पाण्यावर एक लांब फळी, तिच्यावर उभं शीड, शिडाला आडवा दांडा, आणि दांड्याला लोंबकळणारा माणूस. वारा भरला की फळी सुसाट सुटते आणि पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी बोयांना वळसे घेत नागमोडी जायचं असतं. दिसायला झकास, पण उभं राहायला शिकेपर्यंत माणूस अर्धा समुद्र पिऊन होतो. शुक्रवारच्या प्राथमिक फेरीत मितेश खरोखरच पहिला आला. मुंबई-पुण्याची पोरं महागड्या चष्म्यांतून बघत राहिली.

"पहिलो येतलंय म्हंजे येतलंय," तो विनीताला म्हणाला. "चिवल्याचा पाणी माका वळाखता."

विनीता कोलंबी सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, की पाण्याचं ठीक आहे, पण वाऱ्याला कोणी कळवलंय का?

तिच्या बोलण्यात काळजी होती आणि ती खोटी नव्हती. मितेश नऊ वर्षं पर्यटकांना रबरी बोटीवर बसवून समुद्रात फिरवत आणि हौसेने पाण्यात पाडत आला होता. मालकाने बोटी गोव्याला नेल्या आणि ते काम संपलं. विनीताच्या भावाने, मंगेशने, भांडुपच्या एका गोदामात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली. दिवसभर खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. गोदामाला एकही खिडकी नाही, हे मंगेशने फोनवर अभिमानाने सांगितलं, कारण त्यामुळे एसी छान लागतो म्हणे. सोमवारी हजर व्हायचं होतं. समुद्र दिसत नाही अशा गावी मितेश लग्नालासुद्धा अर्ध्या दिवसाच्या वर थांबलेला नव्हता. 

सुटकेची एकच वाट होती. किनाऱ्यावर नवं शिडफळी केंद्र निघालं होतं आणि त्याच्या प्रमुख तेजस्वी मॅडमनी जाहीर केलं होतं, की अंतिम फेरीत पहिल्या तिघांत जो स्थानिक येईल, त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेऊ. म्हणजे समुद्र, पगार आणि घर, तिन्ही एका जागी. अंतिम फेरी शनिवारी होती.

शनिवारी वारा पडला.

पडला म्हणजे किती? माडाचं पान हलेना. किनाऱ्यावरचे झेंडे काठीला चिकटून बसले. अंतिम फेरीतले आठही खेळाडू सावलीत आडवे झाले, पण मितेशला कुठलं स्वस्थ बसवतंय! तो उठून पाण्यापर्यंत जायचा, बोट ओलं करून हवेत धरायचा, परत यायचा, शीड उभं करायचा, पुन्हा आडवं करायचा. फोनवर वाऱ्याचा अंदाज इतक्यांदा बघितला की दुपारीच फोन बंद पडला. मग त्याने विनीताचा फोन घेतला. तो बंद पडल्यावर तिने त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं. तो घरी गेला आणि अंगणात फेऱ्या मारत बसला.

रविवारीही तेच. सकाळी अकराला तेजस्वी मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की चार वाजेपर्यंत वारा आला नाही तर स्पर्धा रद्द आणि प्रशिक्षकाचं पुढच्या वर्षी बघू. मितेशच्या डोळ्यांपुढे खोकी नाचू लागली. आणि तेव्हाच त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. पुढे जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोय नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, की कल्पना मितेशचीच होती!

त्याने स्कूटर काढली आणि तडक कट्टा गाव गाठलं. तिथे त्याच्या आईचे भाऊ, दाजीमामा, किराणा दुकान चालवत. उमेदीत त्यांनी विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत होड्या हाकल्या होत्या, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते गाऱ्हाण्यासाठी. गाऱ्हाणं म्हणजे गावदेवापुढे सगळ्यांदेखत मांडलेली मागणी. सांगणारा एकेक वाक्य सांगतो आणि जमलेले हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा सुरू झालं की ते मध्येच सोडत नाहीत, आणि ज्याच्यासाठी घालायचं त्याचं नाव आलं की त्याने हात जोडून मान लववायची. कोणी नवा मिक्सर घेतला तरी दाजीमामांना बोलावणं जायचं. मितेश तर रांगत होता तेव्हापासून त्यांच्या आवाजावर हात जोडत आला होता.

मामा दुकान अर्धं उघडं टाकून स्कूटरवर बसले. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी एकच अट घातली, माइक पाहिजे. देवाला माइकशिवायही ऐकू येतं, पण "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांना ऐकू आलं पाहिजे ना. तेजस्वी मॅडम पुण्याच्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि दोन मिनिटं दिली. मामांनी मात्र घाई केली नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते बराच वेळ उत्तरेकडे बघत बसले. तिकडचं पाणी वाऱ्याने शहारल्यासारखं जरासं काळपट झालं तसे उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हां, दी आता माइक."

"बा देवा रामेश्वरा! आज ह्या चिवल्याच्या वाळयेत लांबलांबसून लेकरा इली आसत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" किनारा गरजला. मुंबई-पुण्याच्या पालकांनीही इकडेतिकडे बघत हात जोडले.

आणि वारा आला की हो! आधी झेंडे सुटले, मग माड, मग कोणाची तरी छत्री. मॅडमनी क्षणाचा उशीर केला नाही. खेळाडू पाण्यात, तीन मिनिटांची खूण, भोंगा! आठ शिडं फुगली आणि शर्यत सुटली.

आता गाऱ्हाणं थांबायला हवं होतं. पण मामा जेमतेम सीमेवरच्या देवांपर्यंत आले होते. मॅडमनी दुरून हात हलवला, मामांनी तो नमस्कार समजून मान तुकवली. मॅडमनी माइक काढून घ्यायला माणूस पाठवला, त्याच्याकडे गावकऱ्यांनी असं बघितलं की तोही हात जोडून उभा राहिला. झालं, शर्यत आणि गाऱ्हाणं दोन्ही एकदम चालू.

पहिल्या बोयाला मितेश चौथा होता. कर्ण्यातला आवाज पाण्यावर स्वच्छ येत होता आणि त्याचं तोंड आपोआप "व्हय म्हाराजा" म्हणत होतं, पण हात दांड्यावर घट्ट होते. दुसऱ्या बोयाला तो दुसरा. तिसऱ्याच्या अलीकडे त्याने वेंगुर्ल्याच्या जितेंद्रला मागे टाकलं आणि समोर मोकळं पाणी दिसलं. पहिला! चौथा बोया किनाऱ्याला सगळ्यात जवळ होता, तो वळला की सरळ शेवटची रेघ.

फळी वळवताना दांड्याला अडकवलेला कमरेचा हूक सोडावा लागतो आणि तेवढा वेळ सगळा कारभार दोन हातांवर असतो. मितेशने हूक सोडला. नेमके तेव्हाच मामा शेवटच्या मागणीवर आले.

"आणि ह्यो माझो भाचो मितेश, तुझ्याच पायाकडचो पोर. हेका पोटासाठी गाव सोडून खंय जावक लावू नको रे, म्हाराजा."

भांडुपचं मितेशने मामांना सांगितलंच नव्हतं. लाज वाटली होती. विनीतानेच कधीतरी सांगितलं असणार. "व्हय म्हाराजा" त्याने अगदी आतड्यापासून म्हटलं.

आणि हात जोडले.

दोन्ही!

शीड एकीकडे, फळी दुसरीकडे आणि मितेश मान लववलेल्या स्थितीत पाण्याखाली. त्याला चुकवायला गेलेला जितेंद्र त्याच्याच शिडावर आदळला आणि तिसरा एक जण त्या दोघांत अडकला. बाकीचे पाच जण मजेत वळून निघून गेले. मितेश सातवा आला. आठवा जो होता त्याच्या शिडाचा दांडा मोडला होता.

किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट चालला होता, पण तो दाजीमामांसाठी. वारा आणला म्हणून लोक त्यांच्या पाया पडत होते. मितेश ओलाचिंब होऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मामा, माझा नाव कित्याक घेतल्यात?"

"नाव नाय घेतलंय तर देवाक कळाचा कसा?" मामा शांतपणे म्हणाले. "पण तू हात कित्याक सोडलंस?"

 मितेश लांब जाऊन वाळूत बसला. विनीता टॉवेल घेऊन आली आणि शेजारी बसली. बॅग भरायला घरी कधी जायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तेवढ्यात तेजस्वी मॅडम त्यांच्याकडेच येताना दिसल्या.  शुक्रवारची फेरी आठवली असेल, नियमाला मुरड घालत असतील, असं वाटून मितेश ताडकन उठला.

"मितेश," मॅडम म्हणाल्या, "तुमचे मामा पुढच्या शनिवारी मोकळे आहेत का? केंद्राच्या उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम आहे आणि वाऱ्याचा अंदाज काही बरा नाही."

मितेश खाली बसणारच होता, पण विनीताने मागून त्याचा शर्ट ओढला. नऊ वर्षांच्या संसारात त्या ओढण्याचा अर्थ त्याला पाठ झाला होता. तो ताठ झाला आणि कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाला, "मोकळे आहेत, मॅडम. पण ते एकटे कुठे येत नाहीत. त्यांना आणायला-पोचवायला केंद्राचा माणूस लागेल. कायमचा."

मॅडमनी थोडा विचार केला. मग किनाऱ्यावर फडफडणाऱ्या झेंड्यांकडे बघितलं आणि त्या हो म्हणाल्या.

म्हणून मितेश आज भांडुपला नाही. चिवल्यावर केंद्राच्या फलकावर प्रशिक्षकांची चार नावं आहेत, त्यात त्याचं नाही. तो शिडं धुतो, फळ्या पुसतो आणि वारा पडला की स्कूटर काढून कट्ट्याला जातो. पण उमेद सोडलेली नाही त्याने. पुढच्या स्पर्धेसाठी रोज पहाटे सराव करतो आणि या वेळी पहिला येणार, हे सुभद्रामावशीला सांगूनही झालंय. फक्त त्या स्पर्धेच्या निमंत्रणपत्रिका परवा छापून आल्या. वर केंद्राचं नाव, खाली तारीख, आणि मधोमध ठळक अक्षरांत: शर्यत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, दाजीमामांचं गाऱ्हाणं.