आवाज आला म्हणजे झीज झाली

आमच्या बिंदूमामांनी एकदा भर लग्नात मंगलाष्टकं थांबवली होती. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. भटजी श्वास घ्यायला जरा थांबले आणि नेमक्या त्या शांततेत भांबावलेल्या नवरदेवानं बोटं मोडली. टक्, टक्. मामा तिसऱ्या रांगेतून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बेडा."

बेडा म्हणजे कन्नडात नको. नवरीचे वडील म्हैसूरजवळच्या एच. डी. कोट्याचे, साधे गृहस्थ. वरपक्षाला लग्नच नको झालं असं वाटून ते मटकन खुर्चीत बसले. मामा मात्र शांतपणे पुढे गेले, नवरदेवाचे गुंतलेले हात सोडवले आणि म्हणाले, "सुम्ने, उगीच मोडतोस कशाला? जन्मभर पुरवायचीत." मग भटजींकडे वळून, "हं, चालू द्या."

बिंदूमामा म्हणजे बिंदुमाधवराव. म्हैसुरातल्या विजयनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन पावलांवर कन्नड शब्द भेटतो. नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात झाली. चाकाचं बेअरिंग फिरवायचं, कान लावायचा आणि खराब आहे की चांगलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बेअरिंगं तिथंच राहिली, कान घरी आले. तेव्हापासून मामा माणसं तपासतात.

"आवाज आला म्हणजे झीज झाली," हा त्यांचा सिद्धांत. "लोखंडाची होते, तर हाडाची होणार नाही? गोत्ताय्तल्ला?" कळलं ना, असं विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत.

मी हाडाचा खोडकर. सकाळी मुद्दाम भिंतीजवळ उभा राहून दहाही बोटं मोडायचो. पलीकडे वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज यायचा. मग, "डाव्या हाताचं मधलं. ते आधी जाणार तुझं." मी पन्नाशीला आलो तरी ते बोट जायचं नाव घेईना. त्यावर मामांचं उत्तर तयार असायचं: "बेअरिंगही जायच्या आदल्या दिवशीपर्यंत फिरतं."

मान मोडून देतो म्हणून त्यांनी न्हावी सोडला. आळस देताना पाठ वाजते म्हणून साक्षात व्याह्यांना भर पंगतीत टोकलं. आणि कुणी वाद घातलाच, तर शेवटचा पुरावा म्हणून स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे. "ये गं जरा, ह्याला दाखव."

कावेरीमामी बाहेर यायच्या. त्यांची बोटं सांध्यांपाशी सुजलेली आणि एका बाजूला कललेली. तरुणपणी मशीनवर ब्लाउज शिवायच्या; हल्ली त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. "तिकीट लावू का आता?" असं म्हणून त्या हात पुढे करायच्या आणि लगेच पदराखाली घ्यायच्या.

"तरुणपणची बोटं मोडायची सवय. बघा काय झालं," मामा म्हणायचे. मामींना संधिवात आहे हे डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. तो कशानं झाला, हे मामांनी कुणालाही विचारलं नव्हतं. जे माहीतच आहे ते काय विचारायचं?

गेल्या वर्षी मामांनी निश्चय केला की आता ह्या गोष्टीचा कायमचा निकाल लावायचा. आमच्या मराठी मंडळींचं एक सभागृह आहे. तिथं त्यांनी व्याख्यान ठरवलं. फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'बोटे मोडणे: एक सावकाश आत्मघात.' वक्ते म्हणून हाडांचे एक तरुण डॉक्टर, सोलापूरकडचे, नुकतेच म्हैसुरात आलेले. मामा त्यांना घरी जाऊन नारळ देऊन आले, रिक्षाचं बोलून आले, माइकचंही सांगून आले. डॉक्टरांचं ह्या विषयावर मत काय, एवढंच विचारायचं राहिलं.

सभागृह भरलं. सगळ्यांना मामांचा विजय बघायचा होता, नाहीतर पराजय. दोन्हीला गर्दी सारखीच झाली असती. पहिल्या रांगेत, पुरावा म्हणून, कावेरीमामी.

डॉक्टरांनी फळा वाचला, जरा खाकरले आणि म्हणाले, "सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. बोट ओढलं की त्यात वायूची पोकळी होते, तिचा हा आवाज. हाड झिजत नाही. दुखत नसेल, सूज नसेल, तर खुशाल मोडा."

मग मागच्या रांगेत कुणीतरी टक् केलं. पाठोपाठ दुसरं. बघता बघता अख्खं सभागृह कडाडू लागलं. वर्षानुवर्षं मामांच्या धाकानं दाबून ठेवलेली बोटं एकदम मोकळी सुटली. माझीही, कशाला लपवू.

"मान मात्र कुणाकडून मोडून घेऊ नका," डॉक्टर घाईनं म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही.

मामा उठले. मी सरसावून बसलो. आता बेअरिंग येणार, लोखंड येणार. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"डॉक्टर, स्वतः न मोडता दुसऱ्यानं मोडली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती दिवसभर मशीनवर बसायची. बोटं आखडायची. संध्याकाळी मी एकेक बोट ओढून द्यायचो. तिला सवय नव्हतीच. मीच लावली. लग्न झाल्यापासून."

टकटक थांबली. मामींनी मान खाली घातली. आम्हाला इतकी वर्षं जो पुरावा दाखवला जात होता, तो मामा स्वतःविरुद्ध दाखवत होते. त्यांच्या खटल्यात आरोपी एकच होता.

डॉक्टर व्यासपीठावरून उतरले, मामींपाशी वाकले, विचारून त्यांचे हात बघितले आणि म्हणाले, "काका, हा आजार शरीराच्या आतूनच येतो. बोटं ओढून होत नाही. तुमच्यामुळे झालेला नाही."

"कन्नडात सांगा," मामा म्हणाले.

"निम्मिंद आगिल्ल."

"इंग्लिशमध्ये?"

"नॉट बिकॉज ऑफ यू, काका."

मामा खाली बसले. फळा पुसायला मीच उठलो.

परतताना एकाच रिक्षेत निघालो. मामा-मामी मागे, मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर.

"हे मनात होतं, म्हणून का?" मामींचा आवाज आला. "हात दुखायला लागले तेव्हापासून माझा हात धरला नाहीत तुम्ही. मला वाटलं, वाकडे झाले म्हणून."

ड्रायव्हरच्या आरशात मामांचा हात पुढे येऊन अडलेला दिसला.

"मोडू नका. नुसता धरा."

पुढे चौक आला. ड्रायव्हरनं कन्नडात विचारलं, डावीकडे की सरळ?

घर डावीकडे होतं. मी म्हटलं, "सरळ."